गाडी वरपर्यंत जाते म्हणून डोंगर लहान होत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याच्या पुढे वैराट नावाचं शिखर आहे. त्यावरच्या 'वैराट : मेळघाटचा माथा' या माझ्या मागच्या लेखावर पुण्याच्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. उत्तर तिथेच खाली लिहायला घेतलं होतं, पण ते लांबत गेलं, म्हणून वेगळं टाकतो आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी प्रतिक्रिया जशीच्या तशी देतो, म्हणजे मी शब्द फिरवले असं कोणी म्हणायला नको.

"लेख भावनेच्या भरात लिहिला आहे. वैराटला शिखर म्हणणं जरा जास्तच होतं. गाडीतून उतरायचं, चार पावलं चालायचं, झालं शिखर सर! उंची ११७८ मीटर आहे, बाराशे नव्हे. विराटनगर राजस्थानात आहे हे सर्वांना माहीत आहे. वैराट गाव व्याघ्र प्रकल्पासाठी उठवलं गेलं, त्या लोकांचं काय झालं यावर अख्ख्या लेखात एक ओळ नाही. त्यापेक्षा अमरावती जिल्ह्यातल्या नरनाळ्यावर लिहिलं असतं तर बघण्यासारखा किल्ला तरी कळला असता. लिहिण्याआधी थोडा अभ्यास करावा, ही नम्र विनंती."

दादा, सुरुवात तुमच्या शेवटच्या ओळीपासून करतो. 'थोडा अभ्यास करावा' हे वाक्य मास्तर पोराच्या वहीवर लाल शाईनं लिहितो. मी मेळघाटात मास्तर होतो. ही ओळ मी स्वतः इतक्या वह्यांवर ओढली आहे, की तिच्यातला सूर मला लांबूनही ओळखू येतो. तिच्यामागे 'ही नम्र विनंती' जोडली की ती नम्र होते, असं पुण्यात मानत असतील. आमच्याकडे असं बोलणाऱ्याला लोक 'बाप्पा, लयच शहाणा दिसते हा' एवढंच म्हणतात आणि चहा पाजून वाटेला लावतात. चुकलं असेल तर दाखवा, शंभर वेळा दाखवा. पण ज्याचं तुम्ही फक्त एक पान वाचलंत, त्याच्या अभ्यासाचं माप काढू नका.

तुमचं एक म्हणणं मात्र मोकळ्या मनानं घेतो. लेखात मी 'बाराशे मीटरच्या घरात' लिहिलं होतं आणि वैराटची उंची ११७८ मीटर धरतात. वरचे २२ मीटर तुम्हाला परत केले. लेखात आकडा टाकला आहे, बघून घ्या. बाकी मोजणीचं आम्हा विदर्भवाल्यांना वावडं आहे असा समज करून घेऊ नका. अख्ख्या हिंदुस्थानची त्रिकोणमितीनं मोजणी आरंभणारा कर्नल लॅम्बटन दक्षिणेकडून मोजत मोजत वर सरकला आणि १८२३ च्या जानेवारीत वारला तो आमच्या हिंगणघाटला.

आता ते वाक्य. 'गाडीतून उतरायचं, चार पावलं चालायचं.' झोंबलं, खोटं कशाला सांगू. हे मी पहिल्यांदा ऐकत नाही. मागे एका शहरात एका कार्यक्रमाला बोलावलं होतं, तिथे जेवणाच्या रांगेत एका गृहस्थांनी मला अगदी प्रेमानं विचारलं, 'विदर्भात डोंगर आहेत?' त्यांच्या डोक्यात विदर्भ म्हणजे ऊन, कापूस आणि वर्तमानपत्रातल्या बातम्या. तुमचं वाक्य त्याच घरचं आहे, थोडं शिकलेलं एवढाच फरक.

गाडीचंच बोलू. ती गाडी निघाली कुठून? परतवाडा-अचलपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३७० मीटरवर आहे. तिथून धामणगाव गढी, मग घाट, मग चिखलदरा आणि त्याच्याही पुढे वैराट. म्हणजे आठशे मीटरची चढण तुम्ही मागच्या सीटवर बसून, काचा वर करून, बहुतेक एक डुलकी काढून पार केलीत. चढायचं काम इंजिननं केलं आणि दम लागला नाही म्हणून दोष डोंगराला! शिवाय आता वैराटकडे जायचं तर वनखात्याच्या परवानगीनं सफारीच्या जिप्सीतूनच जावं लागतं, कारण तो भाग व्याघ्र प्रकल्पात आहे. मनात असूनही तिथे पायी चढण्याची मुभा नाही. म्हणजे ज्या गोष्टीला तुम्ही हसता, ती तिथला नियम आहे.

आणि गाडी पोचते म्हणून शिखराचा मान जात असेल, तर तुमच्याच सह्याद्रीतलं महाबळेश्वर घ्या. तिथला सर्वांत उंच विल्सन पॉइंट १४३९ मीटर, गाडी थेट वर. सिंहगडावर रविवारी गाड्यांची रांग लागते. निलगिरीतलं दोडाबेट्टा २६३७ मीटर, तिथेही रस्ता माथ्यापर्यंत. त्यांच्यावरच्या लेखांखाली तुम्ही हीच प्रतिक्रिया टाकली आहे का? टाकली असेल तर माझी तक्रार मागे घेतो.

उंचीचंही बोलून टाकतो. कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच, मान्य. सातपुड्यात पचमढीजवळचं धूपगड १३५० मीटर, तेही मान्य, ते मध्य प्रदेशात आहे. वैराट हा सातपुड्याच्या गाविलगड रांगेचा माथा. लेखात मी तेवढंच म्हटलं होतं आणि आजही तेवढंच म्हणतो. पुण्याचा माणूस साडेपाचशे मीटरवर झोपतो, साडेपाचशे मीटरवर उठतो, डोंगर बघायला निघतो तेव्हा निम्मा चढलेला असतो. आमची सुरुवात तळातून होते. दर्यापूर-अंजनगावकडून उत्तरेला बघा. काळ्या मातीचं सपाट रान पार डोंगराच्या पायाशी जातं आणि तिथून डोंगर एकदम उभा राहतो. मधे टेकड्या नाहीत, पायऱ्या नाहीत, काही नाही.

हा उभेपणा उगाच आलेला नाही. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात की गाविलगडच्या दक्षिण पायथ्याशी जमिनीला एक मोठा भ्रंश, म्हणजे खोलवर गेलेली चीर आहे. त्याच्या उत्तरेचा भाग वर उचलला गेला आणि दक्षिणेचा पूर्णा नदीकडचा भाग खाली बसला. खालच्या खोलगटात पूर्णेनं आणि डोंगरातून येणाऱ्या नद्यांनी गाळ आणून आणून भरला. तो इतका, की पूर्णेच्या खोऱ्यात शेकडो फूट बोअर मारली तरी गाळच लागतो. डोंगरात मात्र पाऊलभर मातीखाली काळा पाषाण. घाटातून जाताना डुलकी लागली नसती तर कड्यात थर दिसले असते, एकावर एक, आडवे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला त्याचे ते थर. लाव्हा पातळ होता, पसरत गेला, म्हणून थर आडवे बसले. आडव्या थरांचा डोंगर वर उचलला गेला, तर त्याचा माथा सपाट निघणार. सुळका शोधायला आलात आणि सपाटी मिळाली, यात डोंगराची लबाडी कुठे आहे? कळसूबाईसुद्धा त्याच दगडाची आहे. तिथे झिजून झिजून टोक उरलं, इथे पठार शाबूत राहिलं.

याच सपाटीनं इथला इतिहास घडवला, आणि नेमकं हेच मागच्या लेखात मी सांगत होतो. तुम्ही तिथवर वाचलं नसावं.

गाविलगड किल्ला चिखलदऱ्याजवळ, याच पठारातून दक्षिणेला आलेल्या एका सोंडेवर आहे. १४२५ साली अहमदशहा बहमनीनं तो बांधला, १४८८ मध्ये फतहुल्ला इमाद-उल-मुल्कनं डागडुजी केली. पुढे त्याच फतहुल्लाच्या घराण्याची इमादशाही झाली आणि पायथ्याचं एलिचपूर, म्हणजे आमचं अचलपूर, तिची राजधानी. राजधानी खाली, तिजोरी आणि जीव वाचवायची जागा वर, असा तो हिशेब. दक्षिणेकडून बघितलं तर किल्ला अशक्य वाटतो. नुसते कडे. पण उत्तरेला तो पठाराला चिकटलेला आहे. डोंगराची सगळी ताकद दक्षिणेच्या कड्यात आणि सगळा कच्चेपणा उत्तरेच्या सपाटीत.

१८०३ च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं हे हेरलं. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूवर नेपोलियनशी लढला. २९ नोव्हेंबरला अडगावला, आजच्या अकोला जिल्ह्यात, नागपूरचे भोसले आणि शिंदे यांच्या फौजेचा त्याच्यापुढे मोड झाला आणि भोसल्यांचं पायदळ गाविलगडावर गेलं. वेलस्लीनं लिहून ठेवलंय की दक्षिणेची वाट लांब आणि खड्या चढाची आहे. उत्तरेची लाबाडा गावाकडून येणारी वाट किल्ल्याच्याच पातळीवरून जाते, पण त्या गावापर्यंत पोचायला एलिचपूरहून डोंगरातून सुमारे तीस मैलांचा फेरा पडतो. मग त्यानं कर्नल स्टीव्हनसनला त्या फेऱ्यानं पाठवलं. ७ डिसेंबरला निघालेली फौज १२ तारखेला लाबाड्याला पोचली. मधे रस्ता नव्हता, तो सैनिकांनीच केला आणि तोफा डोंगरातून, नाल्यांतून हातानं ओढत नेल्या. वेलस्ली स्वतः दक्षिणेला थांबून तोफा डागत राहिला. त्या तोफांनी कड्याला फार काही होत नव्हतं, पण किल्ल्यातल्यांचं लक्ष वाटलं जात होतं. १५ तारखेला उत्तरेच्या खिंडारातून इंग्रज आत शिरले. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला.

दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, पायथ्याच्या देवगावला रघुजी भोसल्यांचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. महिन्याच्या शेवटी शिंद्यांचा तह झाला तो सुर्जी अंजनगावला. मराठ्यांच्या दोन मोठ्या घराण्यांनी एकाच महिन्यात, एकाच डोंगराच्या सावलीत माना तुकवल्या. शाळेच्या पुस्तकात तहांची नावं पाठ करून घेतात. ती गावं कोणत्या डोंगराखाली आहेत हे कोणी सांगत नाही, आणि देवगाव-अंजनगावची पोरंसुद्धा ते तह कुठे दूर झाले असंच समजतात. मी स्वतः नोकरीला लागेपर्यंत तसंच समजत होतो.

तर दादा, ज्या माथ्यावर तुम्हाला 'चार पावलं' लागली, त्या पठारावर तोफा चढवायला कसलेल्या फौजेला पाच दिवस लागले. माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं किल्ल्याचं झालं, वैराटचं काय? वैराटचं पाणी. पावसाळ्यात आमच्याकडे सातशे-आठशे मिलिमीटर पडला तर वर पठारावर त्याच्या जवळपास दुप्पट पडतो. उत्तरेला उतरलं ते सिपना, खंडू, खापरा, गाडगा या नद्यांवाटे तापीत जातं. दक्षिणेला उतरलं ते चंद्रभागा, सापन, शहानूर यांच्यावाटे पूर्णेत, आणि पूर्णाही शेवटी चांगदेवला तापीलाच मिळते. आता पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा ठाऊक आहे का? अमरावती, अकोला, बुलढाण्यातली शेकडो गावं, जिथे विहीर खणली तर खारं पाणी लागतं. तोंडात धरवत नाही, पिकाला दिलं तर जमीन जाते. माझी बहीण तिकडे दिलेली. तिच्या सासरच्या विहिरीचं पाणी मी लहानपणी एकदा प्यालो आणि तिथेच थुंकलो, म्हणून आईच्या हातचा मार खाल्ला. त्या भागातल्या कितीतरी गावांत आज शहानूर धरणाचं पाणी नळाला येतं. शहानूर येते कुठून? याच डोंगरातून. त्या गावातल्या बाईला जाऊन विचारा, गाविलगडचा डोंगर ११७८ मीटर आहे की ११००. ती आधी तुम्हाला पाणी देईल, आणि ते गोड असेल.

माझ्या बोलण्याला आधार काय, असं विचाराल. विचारालच. माझे आजोबा मेळघाटातून परतवाड्याच्या लाकूडबाजारात सागवान आणायचे, बैलगाडीनं. परतवाड्याचा सागवान तेव्हा दूरदूर जायचा. उतारावर गाडी बैलांच्या अंगावर येऊ नये म्हणून मागे लाकडाचा ओंडका बांधून तो फरफटत आणायचे. आजोबांच्या पायाची दोन बोटं तशाच एका उतारावर गेली. ते वैराटला कधी शिखर म्हणाले नाहीत. 'वर' म्हणायचे फक्त. 'वरतं पानी सुरू झालं, आता नाल्यातून गाडी नको टाकू रे बाबू.' खाली कडक ऊन असायचं आणि आजोबा नाल्याच्या काठी गाडी सोडून बसायचे. थोड्या वेळानं नाला गढूळ होऊन दणदणत यायचा. हा माझा अभ्यास. याला तुम्ही भावनेचा भर म्हणता. म्हणा बापा.

मी नोकरीला सेमाडोहकडच्या भागात होतो. वर्गात बहुतेक पोरं कोरकू, काही गवळ्यांची. पुस्तकात 'महाराष्ट्रातील प्रमुख शिखरे' असा तक्ता होता. कळसूबाई, साल्हेर, महाबळेश्वर आणि पुढे काही. त्यात पोरांचा डोंगर नव्हता. एका पोरानं विचारलं, 'गुरुजी, आपला डोंगर यात नाही?' मी त्याला तेव्हा काय उत्तर दिलं ते आठवत नाही, काहीतरी थातुरमातुर दिलं असेल. मागचा लेख त्या पोरासाठी लिहिला होता. आता तो बापही झाला असेल. तुम्ही त्या तक्त्याच्या बाजूनं बोलत आहात, म्हणून मला एवढं लिहावं लागलं.

उरलेल्या गोष्टी पटकन.

विराटनगर. राजस्थानात जयपूरकडे बैराट आहे, अशोकाच्या शिलालेखाचं, हे मला ठाऊक आहे. आपल्या सातारा जिल्ह्यातलं वाईसुद्धा स्वतःला विराटनगरी म्हणवतं, त्यांनाही कळवून टाका. आमच्याकडे वैराट म्हणजे महाभारतातल्या विराट राजाचं नगर, इथेच भीमानं कीचकाला मारून दरीत फेकलं आणि भीमकुंडात हात धुतले असं सांगतात. मी लेखात 'सांगतात' असंच लिहिलं होतं. चिखलदऱ्याला येणारा प्रत्येक जण भीमकुंड बघून जातो, उत्खननाचा अहवाल मागत नाही. या विषयावर मी वाद घालणार नाही.

वैराट गावाचं. तो वेगळा विषय आहे. माझा लेख भूगोल आणि इतिहासाचा होता, पुनर्वसनाचा नव्हता. त्यावर लिहायचं तर सवडीनं आणि स्वतंत्र लिहावं लागेल. त्या बाजूच्या गावांतली पोरं माझ्या हाताखाली शिकली आहेत, त्यामुळे ती माणसं मला माहीत नाहीत असं समजू नका. पुण्यातून कोणी आठवण करून द्यायची गरज नव्हती. पुढे.

'भावनेच्या भरात'. यावर वर बोलून झालं.

तुम्हाला यायचं असेल तर जरूर या, राग धरून बसणारा माणूस मी नाही. फक्त मे महिन्यात या. खाली परतवाड्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो, तेव्हा एसी बंद ठेवून, काचा खाली करून घाट चढा. वळणागणिक हवा बदलते, ती अंगाला कळते. वर चिखलदऱ्याला कॉफी प्या, तिथलीच झाडांची असते. ही लागवड इंग्रजांच्या काळापासूनची आहे. गवळ्यांकडचा खवा घ्या. परतताना माझ्याकडे या. संत्र्याचा मृग बहार तेव्हा नसेल, पण चहा मिळेल, आणि तो पिऊन झाल्यावर लगेच वाटेला लावणार नाही.

राहता राहिला नरनाळा. तुम्ही तो अमरावती जिल्ह्यात टाकला आहे. तो अकोला जिल्ह्यात आहे, अकोट तालुक्यात. त्याच्यावर लेख लिहून तयार आहे, पुढच्या आठवड्यात टाकतो. तो शेवटपर्यंत वाचा आणि मग प्रतिक्रिया लिहा.